आमसुलाचं पाणी

"ही बाहुली कुनाची कुनास ठाऊक, पन नाक बघ हिचं. चाटून चाटून पार सपाट केलंय." कृष्णाबाईनं गोणीतली बाहुली बाहेर काढून हातभर लांब धरली.

"चाटल्याशिवाय पोरांना वस्तू कळतच नाही, मावशी," मैथिलीताई हसत म्हणाली. "आपली तरी काय वेगळं करणार आहेत?"

तेच तर होतं. आपली पोरंही हीच बाहुली तोंडात घालणार. कृष्णाबाईनं बाहुली खाली ठेवली आणि पुढची वस्तू काढली.

शनिवारची सकाळ होती. अलिबागच्या कुणा भल्या कुटुंबातली मुलं मोठी झाली होती, त्यांनी आपल्या खेळण्यांची गोणी रिक्षात घालून रेवदंड्याजवळच्या या अंगणवाडीत पाठवली होती. ठोकळे, चाकं तुटलेल्या गाड्या, इवलीशी चूल आणि भांडी, दाबलं की चीं करणारं पिवळं बदक. सगळं प्लास्टिकचं, आणि सगळ्यावर कुठल्यातरी माळ्यावरची चिकट धूळ.

"घरी नेऊन धुवाल का?" मैथिलीताईनं विचारलं. ती इथली सेविका, मुलांना शिकवणारी, कृष्णाबाई मदतनीस. बावीस वर्षं झाडलोट, खिचडी आणि वाहती नाकं, एवढंच तिचं काम. "इथं नळाला धार नाही. आधी कोमट पाणी आणि साबण. खाचाखोचांत जुना ब्रश फिरवायचा. मग ही टीसीएल पावडर, विहिरीत टाकतात ना, तीच. बादलीभर पाण्यात एक लहान चमचा. निवळू द्यायची, वरच्या नितळ पाण्यात खेळणी दहा मिनिटं ठेवायची. पुन्हा साध्या पाण्यानं खळबळून वाऱ्यावर वाळवायची. मंगळवारी पोरांपुढे मांडू."

"एकच चमचा?"

"एकच."

कृष्णाबाईनं मान डोलावली, पण मनातून तिला ते पटलं नव्हतं. एका चमच्यानं काय होतंय?

याला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात अंगणवाडीतली मनवा जुलाबांनी अशी गळाली की तीन दिवस अलिबागच्या दवाखान्यात सलाईनवर होती. तीन वर्षांची पोर. पाणी बाधलं, अन्न बाधलं, की दारातला चिखल, कुणालाच कधी कळलं नाही. पण मनवाची आई कल्पिता चारचौघींत उभी राहून बोलली होती, "मावशे, तू फडक्यानं नुसती पुसतेस खेळणी. तुज्या हातानं माझी पोर आजारी पडली." कल्पिता काही परकी नव्हती, कृष्णाबाईच्या घराला लागून घर, मधे फक्त एक कुडाचं कुंपण. त्या दिवसापासून मनवा अंगणवाडीत आली नव्हती, आणि कुंपणावरून होणारी वाटीभर कालवणाची देवघेवही थांबली होती.

कृष्णाबाई नुसती पुसत होती हे खरंच होतं. मंगळवारी मात्र खेळणी अशी स्वच्छ असायला हवीत की कुणी बोट ठेवू नये. मनवा परत आली पाहिजे. महादेवाकडे तिनं गेले दहा सोमवार दुसरं काही मागितलं नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं खेळणी अंगणात न धुता घरातल्या मोरीत नेली. अंगणात धुतली तर कल्पिता कुंपणाआडून बघणार, बघून काही बोलणार. दार लोटून घेतलं. साबणानं सगळं घासून झालं, ब्रश फिरवून झाला, काळं पाणी तीनदा ओतलं. मग टीसीएलचं पाकीट उघडलं. चमचा तिनं हातात घेतला, पाहिला, बाजूला ठेवला आणि मूठभर पावडर बादलीत सोडली. जास्त घातलं तर जास्तच स्वच्छ होणार की.

सगळी खेळणी बुडाली, पण बाहुलीच्या गालावरचा निळ्या शाईचा डाग काही हलेना.

मोरीशेजारच्या चुलीवर आमसुलं उकळत होती. उद्या सोमवार, देव घासायचे होते. पितळेचा महादेव आणि अन्नपूर्णा आमसुलाच्या पाण्यानं कसे लखलखतात, ते तिच्या सासूनं तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ज्यानं देव स्वच्छ होतात, त्यानं बाहुली का नाही होणार? कृष्णाबाईनं तपेली उचलली आणि ते तांबडं गरम पाणी बादलीत ओतलं.

बादली फसफसली. एक उग्र वास सुईसारखा नाकात शिरला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि घसा कुणी मुठीत धरल्यासारखा आवळला. दाराची कडी हाताला लागेना. लागली तेव्हा ती कशीबशी अंगणात येऊन तुळशीपाशी बसली आणि खोकत राहिली. खोकला थांबेचना.

"मावशे! काय झालं गो?" कल्पिता कुंपणाच्या फटीतून धावत आली. वर्षभरात पहिल्यांदाच. तिच्यामागून मनवा, अनवाणी. शेजारच्या आजीच्या, कृष्णाबाईच्या, घराचं दार उघडं दिसताच पोर सरळ आत निघाली.

"पोरीला धर! आत नको सोडूस!" कृष्णाबाई खोकल्यातून ओरडली.

कल्पितानं मनवाला दंडाला धरून मागं ओढलं. "आत काय हाय?"

सांगायचं एवढंच होतं. पण कल्पिताच्या डोळ्यांत ती वर्षापूर्वीची नजर कृष्णाबाईला दिसली, किंवा दिसल्यासारखी वाटली.

"मिरच्या भाजत होते," ती म्हणाली. "मसाल्याच्या. ठसका लागला."

"एवढा?" कल्पितानं हवेत नाक वर केलं. मिरचीचा वास नव्हता. कल्पितानं आपल्या घरातून तांब्याभर पाणी आणून कृष्णाबाईच्या हातात दिलं, पाठीवर हात फिरवला आणि मनवाला कडेवर घेऊन गेली.

तो हात कृष्णाबाईला जड झाला. संध्याकाळी दारं-खिडक्या सताड उघडून, तोंडाला पदर बांधून तिनं बादली लांब खड्ड्यात रिकामी केली. बाहुलीचा अर्धा गाल पांढराफटक पडला होता.

सोमवारी पहाटे आंघोळ करून ती देवापुढे बसली. निरंजन लावलं, बेलाचं पान उचललं. हात अर्ध्यावर थांबला. काल पोर आणखी चार पावलं आत गेली असती तर? आणि आपण काय सांगितलं, मिरच्या. ज्या पोरीसाठी दहा सोमवार निरंकार उपास काढले, तिच्याच आईशी तिच्याच जिवाबद्दल खोटं बोलून हे पान कुठल्या तोंडानं वाहायचं? तिनं पान ताम्हणात ठेवलं, देवाला म्हणाली, "जरा थांब बाबा," आणि कुंपण ओलांडून गेली.

कल्पिता भाकऱ्या थापत होती.

"मिरच्या नव्हत्या," कृष्णाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "खेळणी धूत होते. औषधाच्या पान्यात आमसुलाचं पानी वतलं, त्याचा विखारी धूर निघाला. पावडर पन चमच्याऐवजी मूठभर घातली. तुजी पोर आत गेली असती तर तिला बाधलं असतं. मी खोटं बोलले."

तव्यावरची भाकरी करपू लागली. कल्पितानं ती उलटली नाही.

"का गो?"

"तू परत बोलशील म्हनून."

कल्पितानं करपलेली भाकरी तव्यावरून खाली काढली. मग म्हणाली, "दवाखान्यात गेलीस?"

"मला काय झालंय?"

"आवाज बघ आपला. बेडकासारखा झालाय. आधी जा."

मैथिलीताईनं सगळं ऐकलं आणि ती कपाळाला हात लावून बसली. "मावशी, आंबट काही त्यात मिसळलं की विषारी वाफ होते. लिंबू, चिंच, संडासाचं ॲसिड, काहीच चालत नाही. हे मी सांगायलाच हवं होतं. चूक माझीही आहे." तिनं स्वतः कृष्णाबाईला उपकेंद्रात नेलं. नर्सबाईनं छाती तपासली, दम लागला तर लगेच यायला बजावलं आणि दोन दिवस धुराजवळ जायची मनाई केली.

दुपारी अंगणवाडीच्या मोकळ्या अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, खेळणी नव्यानं धुवायला काढली. हात घालायचं काम मैथिलीताईनं केलं, हातमोजे चढवून. कृष्णाबाई वारा येत होता त्या बाजूला खुर्चीवर बसून सांगत होती. साबण झाला, साधं पाणी झालं, आणि मग चमचा. एकच, सपाट.

कल्पिता फाटकाशी कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. मनवा तिच्या कमरेला.

"आनि ते बदक?" ती म्हणाली.

"ते धुतलंय की. दोनदा," कृष्णाबाई म्हणाली.

कल्पितानं पुढं येऊन बदक उचललं आणि पोटाला दाबलं. खालच्या भोकातून काळं पाणी आलं, त्यात बुरशीच्या चिंध्या.

"आतून कोन धुनार ते?" कल्पिता म्हणाली.

कृष्णाबाईला ते बदक फार आवडलं होतं. गोणीत तेवढंच एक नव्यासारखं होतं. "टाकून दे," ती म्हणाली. "आनि त्या तडा गेलेल्या गाड्याही. फटीत काय बसलंय ते दिसत न्हाय. जे दिसत न्हाय ते पोरांना द्यायचं न्हाय."

"अर्धी गोणी जाईल मावशी," मैथिलीताई म्हणाली.

"जाऊ दे. अर्धी काय, अख्खी गेली तरी जाऊ दे."

कल्पिता यावर हसली. "एवढी सोवळी कधीपासून झालीस गो?"

"कालपासून," कृष्णाबाई म्हणाली, आणि तिला पुन्हा खोकला आला.

उरलेली खेळणी जुन्या जाळ्यावर पसरली. खाडीवरून वारा येत होता. पांढऱ्या गालाच्या बाहुलीबद्दल थोडी चर्चा झाली. रंग उडालाय, पोपडे निघून पोटात जातील, असं मैथिलीताईचं म्हणणं पडलं आणि बाहुलीही टाकली गेली.

मंगळवारी अकरा मुलं आली. बाराव्या पाटावर कुणी बसलं नव्हतं. कृष्णाबाईनं तो तरीही मांडला होता.

खिचडी शिजत आली तेव्हा दारात चपला वाजल्या. कल्पिता आत आली, मनवाला पाटावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. गेली नाही. मनवानं समोरच्या ढिगातून इवलीशी कढई उचलली, उलटीसुलटी केली आणि थेट तोंडात घातली.

कल्पिताचा हात पुढं झाला. अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. तिनं कृष्णाबाईकडे पाहिलं.

कृष्णाबाईनं मान हलवली नाही, हसलीही नाही. तिनं फक्त सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

कल्पितानं हात मागं घेतला, पदरानं मनवाच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि म्हणाली, "दुपारी बाराला न्यायला येते."

तिच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला. मग कृष्णाबाईनं एक ताट जास्तीचं घेतलं आणि पोरांना वाढायला वाकली.