मामा सांगतो ते आणि मामा करतो ते

लाखनीच्या शेतकरी गटासाठी मी धानाच्या किडींवर सल्ला देणारी अ‍ॅप बनवते. दोन बनवली, आणि दोन्ही माझ्या जागेश्वरमामाच्या जिवावर. पहिली एक्स्पर्ट सिस्टीम. मामाला खुर्चीवर बसवलं आणि तो सांगेल ते नियम लिहून घेतले. दुसरं कॉग्निटिव्ह मॉडेल. त्यासाठी दोन हंगाम त्याच्या मागे चिखल तुडवला. तो आधी काय बघतो, मग काय ठरवतो, एवढंच टिपलं. गटाला अर्थातच पहिलं आवडलं. दुसरं म्हणे फार प्रश्न विचारतं! शहाणेच सगळे.

आणि आसगावला नेमके मामाच्याच धानावर तुडतुडे आले. मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, शेतात जायला बंदी. मंदामामीने धानाच्या एका चुडावर, म्हणजे रोपांच्या झुबक्यावर, थाप मारली, तर पंधरा तुडतुडे पाण्यावर पडले. पहिलं अ‍ॅप म्हणालं, फवारा. दुसऱ्याने विचारलं, तुडतुडे खाणारे कोळी किती?

"कोळी त लय आहेत," मामी म्हणाली.

मग शेतातलं पाणी काढून टाका आणि चार दिवस थांबा, असं दुसऱ्या अ‍ॅपचं उत्तर आलं.

मामाला विचारलं. तो खाटेवरूनच म्हणाला, "दहाच्या वर गेले न? मारून टाक."

आता आली का पंचाईत! पण माझ्या वहीप्रमाणे, कोळी भरपूर दिसले की मामाने एकदाही फवारणीचा पंप उचलला नव्हता. मी मामीला म्हटलं, थांब.

"धान गेला त सालभर काय खाऊ, दामिनी?" असं म्हणत तिने पाणी काढलं.

पाचव्या दिवशी मामा काळा चष्मा लावून, कोणाचं न ऐकता बांधावर आला. मामीने खाली ताट धरून पाच जागी थाप मारली. कुठे दोन पडले, कुठे तीन.

"मामा, कोळ्यांचं काहून नाही सांगितलं?"

"थे का लिहाची गोष्ट आहे? थे त मी पाहतोच. ट्रेनिंगात साहेबानं दहा म्हटलं होतं, थेच तुले सांगितलं."

छातीवरचा धोंडा उतरला. मी तिथेच बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. मामी धावत आली.

"कायले रडून राहिली वं? धान उभा आहे न!"

"उभा आहे, म्हणूनच रडून राहिली, मामी."