लॅपटॉपचा झगा

तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या सख्ख्या भावाचा बसला नाही, तुम्ही तर शेजारी. पण आत चहा ठेवलाय, तो येईपर्यंत ऐकून घ्या.

हा समोर आहे ना लॅपटॉप, हाच तो. वयानं आमच्या चिरंजिवांच्या संसारापेक्षा मोठा. चालू केला की आतला पंखा असा घोंघावतो की दोरीवरचे ओले टॉवेल वाळतात. बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत. कुठलं कुठे, ते फक्त माझ्या बोटांना ठाऊक. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी याच्याच पोटातून निघाल्या. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर मला माझं नावही धड लिहिता येत नाही.

तर एका सकाळी यानं वायफायला ओळख दाखवायचंच सोडलं. घरातल्या सगळ्या फोनना इंटरनेट, याला नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुरे आता. दुपारी नवा आणतो. हा भंगारात."

"हा भंगारात गेला तर शेजारच्या पोत्यात मी बसेन. भंगारवाल्याला सांग, दोन नग आहेत."

"हट्टाला काही सुमार?"

"तू नवा घेऊन येईपर्यंत हा जोडला गेला नाही, तर मी स्वतः उचलून देतो. मग तर झालं?"

बोलून तर बसलो! लॅपटॉप बंद केला, चालू केला. राऊटरची पिन उपटली, खोचली. पण वायफायच्या यादीत एक नाव दिसेल तर शपथ. इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्यानं दोन-चार बटणं दाबली आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "काका, आतलं कार्ड गेलं. याचे सुटे भागही आता मिळत नाहीत."

"माझे तरी कुठे मिळतात? मी चालतोय ना?"

त्यानं पिशवी उचलली आणि निघाला.

आता आमच्या घरची एक गंमत सांगायला हवी. आमची ही प्रत्येक वस्तूला कपडे शिवते. रिमोटला बंडी, मिक्सरला झगा, राऊटरला टोपडं. लॅपटॉपलाही आदल्याच दिवशी नवा झगा चढला होता: पडद्यापुरती आणि बटणांपुरती खिडकी, बाकी सगळं अंग झाकलेलं, काठाला घट्ट इलॅस्टिक. आणि हिनं घातलेला झगा या घरात कुणी काढत नाही. इंटरनेटवाल्यानं इलॅस्टिकला नुसतं बोट लावलं, तर स्वयंपाकघरातून असं खाकरणं ऐकू आलं की त्यानं बोट खिशात घातलं. तपासणी झाली ती झग्यासकटच.

पण मी हार मानणारा नव्हे. लॅपटॉप डोक्यावर घेऊन गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढलो. वरून एक विमान चाललं होतं. पकडलं की त्याचं वायफाय! पडद्यावर पायलटचा निरोप आला, 'काका, सोडा, विमान खाली ओढलं जातंय.' माणुसकी म्हणून सोडलं.

तेवढ्यात खाली चिरंजिवांची गाडी थांबली. हातात नवा खोका. मी लॅपटॉप छातीशी घट्ट धरला, तर पुढच्या काठाला, इलॅस्टिकखाली, काहीतरी बोटाला टोचलं. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! जुन्या लॅपटॉपना तिथे वायफायचं सरकतं बटण असतं. झगा चढवताना इलॅस्टिकनं ते ओढून बंद केलेलं!

म्हणजे झगा काढणं आलं.

तसाच तरातरा खाली आलो आणि हिच्यासमोर उभा ठाकलो. म्हटलं, "हा झगा आत्ताच्या आत्ता उतरव! या घरात माझ्याही शब्दाला काही किंमत आहे!" ही चळचळा कापायला लागली. हातातली कात्री गळून पडली. झगा निघाला, बटण सरकलं, दिवा निळा झाला, आणि वायफाय असं धावत आलं की दारात खोका घेऊन उभे असलेले चिरंजीव बाजूला झाले. "तो खोका तुझ्या सासऱ्यांना दे," मी म्हणालो. आणि ही मान खाली घालून म्हणते कशी, "चुकलं हो माझं, यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय..."

"खोटं! साफ खोटं! घ्या हो चहा तुम्ही, आणि यांच्या नादी लागू नका. अहो, विमान खाली ओढलंत, मी आतून ऐकून घेतलं. पण माझ्यावर आवाज चढवलात? तुम्ही? लॅपटॉप पोटाशी धरून कपाटाआड उभे होतात, आणि मला बघून म्हणालात, 'अगं, याला जरा उकडत असेल का गं?' झगा मी काढला. बटणही माझ्याच नखानं सरकलं. आणि आता उघडा का ठेवलाय त्याला? घाला तो झगा परत, बटणापाशी फट ठेवून शिवलाय!"