धुराडं झाडायच्या आधी

अलोइझीच्या घरात खोली तापवायची शेगडी कधी पेटवायची ते अलोइझीच ठरवायचा. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस, पण विस्तवाच्या बाबतीत भलताच हात राखून. ऑक्टोबर लागला की गल्लीतली धुराडी एकामागून एक धुरकटायला लागायची, याचं छप्पर मात्र स्वच्छ. "म्हातारा कोळशाचं लोणचं घालणार बहुतेक," असं लोक म्हणायचे. खाणीकडून मिळालेल्या कोळशाने तळघर तर गच्च भरलेलं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याची बायको ट्रूडा न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खुर्चीला खिळली. त्यांची मुलगी रुझा शहरात असायची. नवरा आणि दोन मुलं मागे ठेवून ती आठवडाभराची रजा काढून आईपाशी आली, आणि आल्याआल्या आईचे हात हातात घेऊन चमकलीच.

"आई, अगं बर्फ झालेत हात!"

"म्हातारं रक्त. त्याला कुठली ऊब?" ट्रूडा हसली. "त्यांना काही बोलू नकोस हं. शनिवारी पेटवतो म्हणालेत."

रुझा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. जेवताना तिने विषय काढलाच.

"बाबा, शनिवारच का? तोवर शेगडीला काय सुतक आहे?"

"शनिवारी म्हटलं ना."

"अहो, पण कारण काय?"

"या घरात मी पन्नास वर्षं शेगडी पेटवतोय," अलोइझी बटाटा कुस्करत म्हणाला. "तुला कारणं द्यायची वेळ अजून आली नाही माझ्यावर."

त्याच्यापुढे बोलणं तिथेच संपायचं. रुझा लहान असल्यापासून असंच होतं.

बुधवारी सकाळी खिडकीच्या काचेवर आतूनही दव गोठलं होतं. अलोइझी आठच्या बसने डोळे दाखवायला तालुक्याच्या गावी गेला. बस वळणाआड गेली तशी रुझा बादली घेऊन तळघरात उतरली.

"ओरडतील गं ते," ट्रूडा म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

खोलीतली शेगडी जुन्या पद्धतीची, हिरव्या टाइलांची, पार छतापर्यंत पोचणारी. पहिल्यांदा धूर उलटा खोलीत आला. रुझाने खिडकी उघडली, खोकत खोकत कागद कोंबले, फुंकलं. थोड्या वेळाने निखारा धरला, धूर दिसेनासा झाला. तिने वरून कोळसा घातला आणि खिडकी लावून घेतली. भिंतीत वर हवेसाठी एक झरोका होता, त्यातून गार झोत थेट ट्रूडाच्या मानेवर यायचा. रुझाने स्टुलावर चढून त्यात जुना टॉवेल कोंबला.

तासाभरात टाइल्स तापल्या. ट्रूडाने खांद्यावरची शाल स्वतःच काढली. रुझाने तिचे केस विंचरले, बारीक वेणी घातली. आईच्या गालांवर गुलाबी रंग चढला होता. कित्येक महिन्यांत तिने तो पाहिला नव्हता.

"बघ, कशी नवरीसारखी दिसतेयस!"

"चल, काहीतरीच," ट्रूडा म्हणाली. मग कपाळ दाबत, "डोकं तेवढं जड झालंय गं."

रुझाचंही ठणकत होतं. रात्री झोप नीट झाली नाही म्हणून असेल, असं तिला वाटलं. "मी पटकन गोळ्या घेऊन येते," ती म्हणाली.

औषधांच्या दुकानात रांग होती. तिथे शेजारच्या हिल्दाकाकू भेटल्या, त्यांनी सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. बाहेरच्या हवेत रुझाचं डोकं हलकं झालं होतं. तिलाही घाई वाटली नाही. परतायला तासाच्या वर गेला.

घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती. डॉक्टर रजेवर होते म्हणून अलोइझी लगेचच्या बसने परत आला होता. अंगणात ओल्या गवतावर त्याचा कोट अंथरलेला, त्यावर ट्रूडा. तो गुडघ्यांवर बसून तिचे तळवे चोळत होता. तिचे गाल अजूनही गुलाबी होते.

अँब्युलन्सवाल्यांनी फार वेळ प्रयत्न केला नाही. "कोळशाचा विषारी वायू, वास येत नाही त्याला; गाल त्यानेच असे होतात," त्यांच्यातला एक म्हणाला.

पोलीस आला. तरुण होता, टोपी काढून हातात धरली. "शेगडी कोणी पेटवली होती?"

"मी," अलोइझी म्हणाला. "सकाळी निघताना."

रुझा बोलणार तोच त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. पोलीस गेल्यावर तो म्हणाला, "तुला दोन पोरं आहेत. माझं कोण काय वाकडं करणार आता? तू यात बोलायचं नाही."

शनिवारी सकाळी दार वाजलं. काळ्या कपड्यांतला, खांद्यावर दोरी आणि ब्रश घेतलेला माणूस उभा होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"धुराडं झाडायला आलोय. आजोबांनी सप्टेंबरातच सांगून ठेवलं होतं. म्हणाले, झाडल्याशिवाय मी काडी ओढत नाही."

रुझा चौकटीला धरून उभी राहिली. तो छपरावर चढला. धुराड्यातून त्याने कावळ्यांच्या घरट्याच्या दोन बादल्या काड्या काढल्या, आणि वरती कुठूनतरी आणलेली लोकर. जाताना त्याने काय झालं ते ऐकलं आणि मजुरी न घेताच निघून गेला.

सोमवारी दफन झालं. नंतरच्या जेवणाला गल्लीतले सगळे होते. हिल्दाकाकू पलीकडच्या बाईला सांगत होत्या, पण पोचेल सगळ्यांना अशा आवाजात: "जन्मभर बाईला गारठवली, आणि पेटवली तीही धुराडं न झाडता. कंजूष तो कंजूषच."

अलोइझी खाली मान घालून सूप पीत होता. रुझा उठली.

"मी पेटवली. ते घरात नव्हते. त्यांनी थांब म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. झरोकाही मीच बुजवला."

हिल्दाकाकूंनी चमचा खाली ठेवला.

"बस खाली," अलोइझी म्हणाला. "सूप निवतंय."

रात्री भांडी आवरताना रुझाला राहवलं नाही. "बाबा, धुराडं झाडायचंय, एवढं एक वाक्य. एवढं का नाही सांगितलंत मला?"

त्याने टेबलावरचा कपडा सरळ केला.

"सांगायला हवं होतं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत असलं वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते ऐकून तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पोलिसांकडे जाऊन खरा जबाब दिला. त्या तरुण पोलिसाने तो लिहून घेतला, आणि महिन्याभराने अपघात म्हणून प्रकरण मिटल्याचं पत्र आलं. तोवर अलोइझी तिच्या शहरातल्या फ्लॅटवर राहायला आला होता.

"इथे कोण पेटवतं?" आल्याआल्या त्याने विचारलं होतं.

"कोणीच नाही. सोसायटीवाले एक दिवस ठरवतात, सगळ्यांच्या घरातल्या गरम पाण्याच्या नळ्या तापतात."

"म्हणजे आपण काही ठरवायचं नाही."

"नाही, बाबा."

त्याने मान हलवली आणि नळ्यांपासून सर्वांत लांबची खुर्ची निवडली. त्या हिवाळ्यात तो घरातही कोट घालूनच बसायचा. रुझा रोज सकाळी उठून सगळ्या खिडक्या उघडायची, बाहेर बर्फ पडत असला तरी. मुलं स्वेटरवर स्वेटर घालून नाश्त्याला बसायची. नवऱ्याने एकदा तावदान लावायला हात नेला, तिच्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.