शेवटचं फंक्शन

"भाऊजी, बाकी सगळं वाचून कळतंय. एवढंच कळत नाही," असं म्हणत माझ्या बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं हिचा कामाचा लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो, बाई."

"पण ताई तुम्हालाच वाचून दाखवायच्या ना?"

दाखवायची. लहान मुलांच्या इस्पितळासाठी औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम ही लिहायची, फंक्शनल भाषेत. छोटी छोटी फंक्शनं, म्हणजे एकेका कामाचे तुकडे, एकाचं उत्तर पुढच्याच्या हातात, आणि हातात आलेलं कुणी बदलायचं नाही, एवढं मला कळलं होतं. जेवणं झाली की ही मराठीतून वाचायची: बाळाचं वजन घे, त्यावरून डोस काढ, मर्यादेपुढं जाऊ देऊ नकोस. मी "काय?" म्हटलं की तिथलं नाव बदलायची. "तुम्हाला कळलं म्हणजे कुणालाही कळेल." मी चिडायचो, ही हसायची.

पडद्यावर हिचं, जाण्याआधी लिहिलेलं, शेवटचं फंक्शन होतं. सगळं एका ओळीत कोंबलेलं, नावं एकेका अक्षराची.

"ताई असं लिहिणाऱ्या नव्हत्या," मैत्रीण म्हणाली. "आमची नावं तोकडी दिसली की विचारायच्या, अक्षरांना पैसे पडतात का गं?"

"बोटं सुजली होती. एक अक्षर दाबलं की थांबायची. हे मला वाचून दाखवलंच नाही. दम लागायचा."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा पाहिली.

"उत्तर बरोबर येतंय, भाऊजी. सगळं तपासलं. पण वाचता येत नाही ते ठेवायचं नाही. उद्या कुणी बदलायला गेलं आणि चुकलं, तर पलीकडं बाळ असतं. हा ताईंचाच नियम."

"राहू दे की थोडे दिवस."

ती चष्मा काढून पुसत राहिली.

"काढून टाक मग," मी म्हणालो.

तिनं काढून टाकलं. एक ओळ, किती वेळ लागणार! मग तिथंच, हिच्या खुर्चीत बसून, तिनं ते नव्यानं लिहायला घेतलं. मी चहा ठेवला. तो निवला तरी ती लिहीतच होती.

"ऐका हं," ती शेवटी म्हणाली आणि वाचू लागली.

मी कान देऊन ऐकलं. कुठंतरी अडावं, "काय?" म्हणावं, असं फार वाटत होतं. कुठंच अडलो नाही.

"कळलं, भाऊजी?"

"कळलं."

तिनं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. चार्जर भिंतीलाच राहिला होता. तो मी काढला, वायर नीट गुंडाळली आणि तिच्या हातात दिला.