पाच बोटांची झोप

करवतीखाली बोट एकदाच जातं असा लोकांचा समज असतो. या लाकूड कापणाऱ्याचं मात्र रोज रात्री जात होतं.

डोळा लागला की तो पुन्हा लाकडाच्या कारखान्यात, चालू मशीनपुढे उभा असायचा. मागून मेव्हणा यायचा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, दारूने तर्र, आणि दाणकन धक्का द्यायचा. डाव्या हाताचं पहिलं बोट भुशात पडायचं आणि हा किंचाळत उठून बसायचा. खरंही तसंच घडलं होतं. पिऊन कामावर आलेल्या त्या शहाण्याला हा मशीनपासून लांब ओढायला गेला, तर त्याने यालाच ढकललं. करायला जावं भलं तर हे असं. मेव्हणा त्याच दुपारी पसार झाला, तो पुन्हा फिरकला नाही. याने बायकोच्या तोंडाकडे बघून मालकाला सांगितलं, माझाच पाय घसरला. कामावरच्या दोस्तांनी त्याचं चारबोट्या असं बारसं केलं, तेव्हा तोही हसला. न हसून सांगतो कुणाला?

पण झोप गेली की माणूस कामातून जातो. मशीनवर उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायला लागले. मालकाने सरळच विचारलं, उरलेली बोटं नकोत का? घरी तर त्याहून वाईट. बायको आणि तिचा भाऊ, दोघांचं नाक तेच, डोळे तेच. ती ताट वाढायला वाकली की याच्या अंगाची लाहीलाही व्हायची. एकदा त्याने ते ताट भिंतीवर भिरकावलं. तिने मुकाट्याने भिंत पुसली, आणि त्या मुकेपणाची त्याला जास्त लाज वाटली. तिला गमावायचं नव्हतं त्याला. म्हणूनच त्याने इस्पितळात हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंना सगळं सांगून टाकलं.

"स्वप्नात जागं होता येतं," बाई म्हणाल्या. "कुणी उडायला मिळावं म्हणून शिकतं, कुणी गेलेल्या आईला भेटायला. तुम्ही पळणं थांबवायला शिका."

"म्हणजे झोपेतही मला कामाला लावताय म्हणा की."

"थोडंसंच काम आहे. दिवसा मधूनमधून हाताकडे बघायचं, बोटं मोजायची आणि स्वतःला विचारायचं, मी जागा आहे का? सवय लागली की झोपेतही मोजाल. तिथे आकडा चुकला की समजायचं, हे स्वप्न आहे."

"आणि मग?"

"मग वळायचं, आणि त्या माणसाला विचारायचं, बाबा, तुला काय हवंय?"

तो चहा पिताना मोजू लागला, बूट घालताना मोजू लागला. बायको म्हणायची, "अहो, मोजून मोजून आहेत तीही झिजतील." बऱ्याच दिवसांनी ती हसली होती, म्हणून तो आणखी मोजायचा.

आणि एका रात्री करवतीपुढे त्याने हात पाहिला तर पाच! चांगली नखासकट पाच. आनंदाने त्याचा ऊर भरून आला. तो वळला. मेव्हणा आलाच होता. आता एवढंच विचारायचं होतं, तुला काय हवंय.

कसलं विचारतोय! ओंडके हलवायची पहार भिंतीला टेकलेली होती, ती त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि मेव्हण्याच्या गुडघ्यावर घातली. गुडघा काटकीसारखा मोडला. मग दुसरा. मग जबडा. मेव्हणा रांगत पळायला लागला तशी याने केस धरून त्याचं डोकं करवतीपाशी नेलं आणि हळूहळू पुढे ढकललं, फळी ढकलतात तसं. सकाळी उठला तो गाणं गुणगुणत. दोन घास जास्त जेवला, दिवसभर मशीनवर ताठ उभा राहिला. मालक खूश, बायकोही खूश.

इथे थांबला असता तर गोष्ट संपली असती. पण फुकटची चैन कुणाला सुटते? दुसऱ्या रात्री ये रे माझ्या मागल्या. मेव्हणा धडधाकट उभा, आणि याच्या हातात पहार. कधी कुऱ्हाड, कधी नुसत्या मुठी. तो संध्याकाळीच अंथरूण घालू लागला. जेवताना त्याचं लक्ष नसे, आज कुठून सुरुवात करायची हाच विचार डोक्यात.

"विचारलंत का त्याला?" बाईंनी विचारलं.

"विचारलं की. माफी मागितली त्याने," याने ठोकून दिलं. खरं तर स्वप्नातल्या मेव्हण्याला याने कधी तोंड उघडू दिलंच नव्हतं.

बायकोला मात्र फसवता आलं नाही. "तुम्ही झोपेत हसता," ती म्हणाली. "त्याला हाका मारता आणि हसता. काय करता तुम्ही माझ्या भावाला तिथे?"

"स्वप्नातल्याचं काय सोयरसुतक! त्याला लागतंय थोडंच?"

ती अंथरुणाची घडी घालू लागली. "तो यायचं म्हणतोय. दारू सोडलीय त्याने. तुमचे पाय धरायचेत म्हणतो."

"येऊ दे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे विशेष. रोज एवढा राग उपसतोय, आता तळाशी काय उरलं असणार, असं त्याला खरोखर वाटत होतं. राग म्हणजे पिंपातलं पाणी नव्हे, हे त्याला कोण सांगणार?

मेव्हणा सुट्टीच्या दिवशी दुपारी आला. हा जेवून खाटेवर लवंडला होता. डोळे उघडले तर समोर तो. वाळलेला, दाढी केलेला, हात जोडलेला.

याने सवयीने हात पाहिला. चार. पुन्हा मोजली. चार. मी जागा आहे, तो मनाशी अगदी स्पष्ट म्हणाला.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "माझं चुकलं. मला..."

हेच ऐकायला तर याचा जीव तळमळला होता. पण ते पुरं ऐकलं असतं तर माफ करावं लागलं असतं, आणि माफ केलेल्या माणसाला रात्री कुठल्या तोंडाने मारायचं? ते सुख जाणार होतं. त्याने खाटेशेजारचं लाकडी स्टूल उचललं आणि मेव्हण्याच्या तोंडावर हाणलं.

स्वप्नातल्यासारखं काहीच झालं नाही. हाड चटकन मोडलं नाही. ओला, बद्द आवाज आला, याच्या खांद्यातून कळ गेली, दात फरशीवर घरंगळले. मेव्हण्याने हात जोडलेलेच ठेवले होते. "ताई," एवढंच तो म्हणाला. याने पुन्हा हाणलं. तो पडला, तरी हाणलं. बायको मध्ये पडली तेव्हा स्टूल वरच होतं, आणि खाली तेच नाक, तेच डोळे. शेजाऱ्याने धावत येऊन मागून हात धरले म्हणून, नाहीतर तेही खाली आलं असतं.

माणसं जमली, पोलीस आला. "झोपेत होता हो बिचारा," शेजारी म्हणाला. "अपघातापासून वाईट स्वप्नं पडतात त्याला. दचकला असणार."

"मला वाटलं, स्वप्नच आहे," हा म्हणाला. आवाजही छान कापरा लागला. पोलिसाने मान डोलावली.

बायको भावाच्या जबड्याला फडकं दाबून बसली होती. तिने वर पाहिलं. "अहो, मी दारातच होते," ती म्हणाली. "तुम्ही आधी बोटं मोजलीत."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. पोलिसाने विचारलं, "कसली बोटं?"

सगळे याच्याकडे बघत होते. नाही म्हणायला काहीच कठीण नव्हतं. पण ती बघत होती, आणि भीती त्या डोळ्यांत नव्हतीच. ओळखच नव्हती.

"चारच होती," तो म्हणाला.

तिने मान हलवली, भावाचं डोकं मांडीवरून अलगद उचललं, आणि शेजाऱ्याला म्हणाली, "गाडी आली का बघा."