सेवेचा दाखला

कार्डावर छापलेली तारीख अजून चार वर्षं पुढची होती, म्हणून मी निर्धास्त होतो. फिलिपिन्समधल्या आमच्या लाओआगच्या तिकीटवाल्या बाईने माझा पासपोर्ट उघडला, इकडे उतरल्याच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि पेरांवर महिने मोजले. चौतीस झाले. मग शेजारच्या बाकावरच्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने मला सांगितलं, की अमेरिकेत कायमचं राहायचा परवाना असला तरी वर्षाच्या वर बाहेर राहिलं की नुसतं कार्ड दाखवून परत जाता येत नाही. आता मनिलाला त्यांच्या वकिलातीत जायचं आणि इतके दिवस इकडे राहण्यावाचून आपला इलाजच नव्हता, हे पटवून द्यायचं. पटलं तर परतीचा व्हिसा. नाही पटलं तर बायकोने तिकडून पहिल्यापासून अर्ज करायचा आणि आपण इथे वाट बघत म्हातारं व्हायचं. म्हातारा तर मी होतोच. तिकडे हवाईत, वायपाहूला माझी बायको लुसिंग होती, मुलगी होती, आणि आठ महिन्यांचा नातू होता. त्याला मी फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं.

इलाज नव्हता असं काही नव्हतं. मी आलो होतो आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, सहा आठवड्यांसाठी. होनोलुलूत मी बावीस वर्षं एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत होतो. तिथे माझं तोंड कुणी पाहत नसे. इथे बसमधून उतरलो आणि एकदम ‘हवायानो’, म्हणजे हवाईहून आलेला बडा माणूस झालो. लग्नात धर्मपिता मी, जत्रेत पुढची खुर्ची माझी, गटार कुठून न्यावं हेसुद्धा लोक मला विचारायला लागले. गावाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी उतरायचं नाव घेईना. हमरस्त्याला सिमेंटचं घर बांधलं, झुंजीचे सात कोंबडे पाळले. रोज सकाळी त्यांचे पाय तेल लावून चोळत बसायचो.

दहाव्या महिन्यात आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. तिला सांभाळलं माझ्या धाकट्या बहिणीने, इसिंगने. इसिंगने लग्न केलं नाही. आईच्या घराखाली तिचा माग आहे, त्यावर ती चादरी विणते. ज्या दिवशी आई पडली त्या दिवशी मागावरचं कापड अर्धं राहिलं ते राहिलंच. दोन वर्षं. माझं घर तिथून पाच मिनिटांवर. मी रविवारी चर्चमधून परस्पर जायचो, हातात सफरचंदांची पिशवी, आणि दारात उभा राहून दहा मिनिटं बोलायचो. आत गेलो नाही. आतून एक वास यायचा, त्याची मला भीती वाटायची. पाहुणे थांबलेत, असं काहीतरी सांगून मी निघायचो.

आणि लुसिंगचा फोन आला, पोल्दो, कधी येतोस म्हणून तिने विचारलं, की मी म्हणायचो, आईला असं टाकून कसा येऊ? लुसिंग म्हाताऱ्यांच्या एका शुश्रूषाघरात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या आया धुते, पुसते. तिला ते एकदम पटायचं. तिने वायपाहूच्या चर्चमधल्या बायकांनाही सांगितलं होतं, आमचे हे स्वतःच्या हाताने आईचं करतात. म्हणजे खोटं मी वकिलातीसाठी रचलं असं नाही. ते घरात तयारच होतं.

फेब्रुवारीत आई गेली. मे महिन्यात मी नगरपालिकेसमोरच्या नोटरीकडे बसलो. त्याने विचारलं, कुणी आजारी होतं का? म्हटलं, आई. तो खूश झाला. सेवा कोणी केली? मी म्हटलं, बहिणीने. त्याने टंकयंत्रावरून हात उचलले आणि माझ्याकडे पाहिलं. मग हे काय कामाचं, असं तो बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलला. मी खाली बघून म्हणालो, मी पण होतो. एवढं त्याला पुरलं. तासाभरात त्याने दोन कागद काढले. एकात मी लिहून देत होतो, की दोन वर्षं आईची शुश्रूषा मी एकट्याने केली. दुसऱ्यात इसिंग लिहून देत होती, की मला पाठीचं दुखणं असल्याने मला आईला उचलता येत नव्हतं आणि सगळं भावाने केलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. वर जिने पीठ दळलं तिचीच सही हवी होती.

कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती. अंगावर काळे कपडे. दुखवट्याचं वर्ष पुरं व्हायचं होतं. मी काय बोललो मला आठवत नाही. नातवाचं नाव मात्र तीन-चारदा घेतलं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं. मला वाटलं, आता ही कागद तोंडावर फेकेल. मनातून मला तेच हवं होतं.

“यात एक चूक आहे, मनोंग,” ती म्हणाली. थोरला म्हणून ती मला मनोंगच म्हणते.

मी कागदावर वाकलो.

“गोळ्या दिवसातून दोनदा नव्हत्या, तीनदा होत्या. तिकडे विचारतील.”

“आणि बाकीचं?”

“पाठीचं लिहिलंयस ते खरंच आहे. आता दुखतेच.”

तिने सही केली. मग उठून म्हणाली, असा नुसता कागद घेऊन जाशील तर पहिल्या प्रश्नाला आपटशील, आत ये. आईची बांबूची खाट तशीच होती. वास गेला होता. तिने खाटेवर एक लांब लोड आडवा टाकला आणि म्हणाली, ही आई.

सबंध दुपार तिने मला शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. आधी पलीकडचा पाय अलीकडच्यावर घ्यायचा, मग एक हात खांद्यामागे, एक कमरेवर, आणि आपल्याकडे ओढायचं, ढकलायचं नाही. गुडघ्यांत घडी केलेलं फडकं ठेवायचं. पेज पातळ हवी, चमचा डाव्या बाजूने, हनुवटी खाली, नाहीतर ठसका लागतो. माकडहाडापाशी जखम होती, छोट्या नाण्याएवढी, ती पेरूची पानं उकळून त्या पाण्याने धुवायची. मी लोड वळवला तो दाणकन. ती म्हणाली, आई आहे, गोणी नाही. चादर मात्र मी चारी कोपरे ताणून अशी बसवली, की ती क्षणभर बघत राहिली.

“हे तुला येतं,” ती म्हणाली. पाय चोळायची पाळी आली तेव्हा मी अडखळलो. “कोंबड्यांचे चोळतोस ना? तेवढ्याच हाताने.”

मी लोडाचे पाय चोळले. लोडाला पाय नसतात, पण मी चोळले. तेव्हा मला रडू आलं नाही. नुसती लाज वाटत होती, कानांच्या पाळ्या तापेपर्यंत.

मनिलाला वकिलातीच्या काचेपलीकडे एक तरुण गोरा अधिकारी होता आणि दुभाषी म्हणून आमच्याच भाषेची एक बाई, साधारण इसिंगच्या वयाची. परक्यापुढे खोटं बोलणं मी निभावलं असतं. माझ्याच बोलीत, त्या बाईच्या डोळ्यांपुढे बोलणं जड गेलं. पण बोललो. औषधं किती वेळा? तीनदा. कूस कशी बदलायची? पोपटासारखं सांगितलं. जखम, पेरूची पानं, पेज, हनुवटी. अधिकारी मान हलवत लिहीत होता. मग त्याने विचारलं, बहीण त्याच घरात होती, तर तिने का नाही केलं?

“तिच्याच्याने होत नव्हतं,” मी म्हणालो.

बाईने ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते फारच थोडक्यात झालं.

मग त्याने कागद बाजूला ठेवले. म्हणाला, त्याची आजी अशीच दोन वर्षं पडून होती, कूस बदलताना फार ओरडायची, आणि तेव्हा काय बोलावं हे त्याच्या आईला कधी सुचलं नाही. तुम्ही काय म्हणायचात तिला?

हे इसिंगने शिकवलं नव्हतं. मी तोंड उघडलं. आई ओरडायची का, हेच मला माहीत नव्हतं. माझ्या आईचं कण्हणं कसं होतं, तेही मला माहीत नव्हतं. पाच मिनिटांवर राहत होतो मी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि थांबेना. दुभाषी बाईने काचेखालच्या फटीतून कागदी रुमाल सरकवला आणि हळूच म्हणाली, “राहू द्या, मनोंग. कळलं आम्हाला.”

अधिकाऱ्याने अर्ज मंजूर केला. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तिच्यावरच मला शिक्का मिळाला.

गावी आल्यावर इसिंगने आईच्या फोटोपुढे भात, अंडं आणि पेलाभर उसाची दारू ठेवली आणि तिला सांगितलं, मनोंगचं काम झालं. मी फोटोकडे पाहिलं नाही. लुसिंगने फोनवर सांगितलं, की शुश्रूषाघराच्या मालकिणीशी बोलून ठेवलंय, तुझ्यासारखा अनुभवी माणूस त्यांना हवाच आहे. मी बरं म्हटलं. वैद्यकीय तपासणी, बाकीचे कागद यांत महिना-दीड महिना गेला. इसिंगला मी अधिकाऱ्याच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं काही बोललो नव्हतो.

निघायच्या दिवशी ती खोका बांधत होती. लसणाच्या वेण्या, तळलेला मका, लुसिंगसाठी खारवलेल्या माशांची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून. मी बूट घालून दारात उभा होतो. तेव्हा मी विचारलं, कूस बदलताना आई ओरडायची का?

“ओरडायची तर.”

“मग तू काय म्हणायचीस?”

ती दोरीची गाठ आवळत होती. वर न बघता म्हणाली, “म्हणायचे, आई, ओरडू नकोस, पोल्दो दारात आलाय, त्याला कसं वाटेल? मग ती ओठ मिटून घ्यायची. तेवढ्यात मी वळवून घ्यायचे.”

“रोज?”

“रोज. दिवसाकाठी दहा-बारा वेळा.” तिने उरलेली दोरी दातांनी तोडली. “रविवारी ते खरं असायचं.”

तिने टोमणा मारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसतं सांगत होती. तिच्या मागे खाटेवर तो लोड अजून कुशीवर होता, मधोमध घडी केलेलं फडकं खोचलेला. बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. मी खोका उचलायला वाकलो. तो जड होता. इसिंगने दुसरी बाजू धरायला हात पुढे केला आणि मी तिला धरू दिलं. फाटकापर्यंत आम्ही तो दोघांनी नेला, तिनेच तो रिक्षात वर चढवला.

तिची पाठ मला हमरस्त्याला लागल्यावर आठवली.