चुकलं की रेकणारं गाढव

मित्रांनो, संगणकावर खेळायचा कोड्यांचा खेळ म्हणजे मी. आता जुना झालोय. इतका जुना, की मी अजून चकतीवर राहतो आणि सुरू होण्याआधी बराच वेळ घरघरतो.

मला दोन मित्रांनी घडवलं. एक भारी शिस्तीचा. त्याने बेरजा, वजाबाक्या, वेगळा आकार शोधायची कोडी, सगळं चोख बसवलं. बरोबर उत्तराला त्याने एक पिवळी चांदणी दिली. ती यायची आणि कोपऱ्यात गुपचूप बसायची. दुसरा मुलखाचा खट्याळ. चुकीच्या उत्तराला त्याने गाढव दिलं. चूक झाली, की ते हेंऽऽकॉ हेंऽऽकॉ करत धावत यायचं आणि चिखलात धपकन पडायचं, चारी पाय वर! शिस्तीचा म्हणाला, "छान. मुलं गाढवाला लाजतील आणि नीट उत्तरं देतील." मित्रांनो, मोठ्या माणसांना असं काहीही वाटू शकतं.

माझ्या खोक्यावर 'बुद्धी तल्लख करा' असं छापलं होतं. तेवढं वाचून भिंगरीच्या आईने मला घरी आणलं. भिंगरी बालवर्गात होती, पुढच्या वर्षी पहिलीत जायची होती. आईला तिची फार काळजी. मुलगी शिंकली तरी आई बालसंगोपनाचं पुस्तक उघडायची, आणि बरेच दिवस शिंकली नाही तरी उघडायची.

ती भिंगरीला माझ्यासमोर बसवून स्वयंपाकघरात जायची. कान मात्र इकडेच. हेंऽऽकॉ! आईच्या काळजात चर्र. पुन्हा हेंऽऽकॉ! दूध उतू. शेवटी मी निकालाची पाटी दाखवायचो, त्यावर सगळी उत्तरं चूक.

मला नवल वाटायचं. डोळे मिटून दाबणाऱ्याचंही एखादं उत्तर बरोबर येतं. भिंगरीचं एकदाही येत नव्हतं! पण मला सांगायची सोय कुठे? मला फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच म्हणता येतं. तेही म्हटलं, की आई पदराने डोळे पुसायची.

"पहिलीत हिचा निभाव लागायचा नाही," एका सकाळी ती भिंगरीच्या बाबांना म्हणाली. "अजून एक वर्ष बालवर्गातच राहू दे. आजच बाईंना फोन करते."

"अगं, पण तिची मैत्रीण पुढे जाणार. ही एकटी पडेल ना!"

"मग मी काय करू? रोज ऐकतोस ना ते गाढव?"

गाढव तर खालच्या मजल्यावरचेही ऐकत होते.

आईने स्वयंपाकघरातून फोन लावला. घंटी वाजत होती, तेवढ्यात मामा आला. भिंगरीने त्याला ओढत आणून खुर्चीत बसवलं. मी विचारलं, चार आणि तीन किती? मामाने सात दाबलं. चांदणी आली.

"ए मामा, काय रे हे!" भिंगरी वैतागली. "सात कशाला दाबतोस? सात बरोबर आहे!"

"मग बिघडलं कुठे?"

"मग गाढव कसं येणार? तुला काही म्हणजे काही येत नाही. आता बघ, आठातून दोन. सहाला हात लावायचा नाही हं!"

"पाच चालेल?"

"चालेल. पाच चूक आहे."

हेंऽऽकॉ! धप्प! मामा-भाची खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली.

आई दारात येऊन उभी होती, फोन कानाला तसाच. तिने एकदा भिंगरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तरातरा पुढे आली, माऊस धरला आणि स्वतःच एक ठार चुकीचं उत्तर दाबलं. गाढवाने त्या दिवशी जीव तोडून रेकून घेतलं.

"हॅलो?" पलीकडून बालवर्गाच्या बाई म्हणाल्या. "अहो, तुमच्याकडे गाढव आहे का?"

"हो बाई, मीच," आई हसू आवरत म्हणाली. "बाकी काही नाही. भिंगरी पहिलीत येतेय, एवढंच कळवायचं होतं."

मित्रांनो, माझ्या अंगावर आता ओरखडे पडलेत. चकती पुसताना मऊ कापड घ्या, खसाखसा घासू नका. आणि तुमच्या धाकट्या भावंडांचं काही सारखं चुकत असेल, तर लांबून कान देऊन काळजी करत बसू नका. खुर्ची ओढा आणि शेजारी बसा.